काठमांडूच्या बालगृहात स्वयंसेवा करायची आहे? जाण्याआधी, तिथे असताना आणि परतल्यावर

परीक्षा संपत आल्या की हा प्रश्न दर उन्हाळ्यात येतो. "मे महिन्यात तीन आठवडे मोकळे आहेत, नेपाळमधल्या एखाद्या अनाथाश्रमात काम करता येईल का?" विचारणाऱ्यांत कॉलेजची मुलं असतात, आयटीतली मंडळी असतात, नुकतेच निवृत्त झालेले शिक्षकही असतात. नेपाळच का, हेही उघड आहे. व्हिसा लागत नाही, पाट्या वाचता येतात, डाळभात मिळतो आणि परदेशात काम केल्याचं समाधानही पदरात पडतं.

माझं उत्तर ठरलेलं आहे. काम करता येईल, पण तीन आठवड्यांत मुलांबरोबर करण्यासारखं काही नाही. मोठ्यांबरोबर करण्यासारखं पुष्कळ आहे. हे ऐकून ज्यांचा उत्साह टिकतो, त्यांच्यासाठी पुढच्या पायऱ्या.

पायरी १ : मुलं तिथे कशी पोचली, ते आधी वाचा

१९९६ ते २००६ या काळात नेपाळमध्ये माओवादी आणि सरकार यांच्यात युद्ध चाललं. पश्चिमेकडच्या डोंगराळ जिल्ह्यांना त्याची मोठी झळ बसली. कर्णालीतला हुम्ला जिल्हा घ्या. सिमिकोट हे जिल्ह्याचं ठिकाण, पण तिथे पोचायला अनेक वर्षं गाडीरस्ताच नव्हता. नेपाळगंजहून छोटं विमान, नाहीतर कित्येक दिवसांची पायपीट. माओवादी घरटी एक माणूस मागत होते आणि शाळांचं काही खरं नव्हतं. अशा वेळी गावात दलाल यायचे. पुष्कळदा ते ओळखीतले असायचे, कधी नात्यातलेही. पोराला काठमांडूच्या बोर्डिंग शाळेत घालतो, शिकेल आणि जिवानिशी वाचेल, असं सांगायचे. आईबाप जमीन विकून, कर्ज काढून त्यांच्या हातात पैसे ठेवायचे. पुढे काठमांडूत त्यातल्या कित्येक मुलांचे आईवडील वारल्याचे खोटे कागद तयार झाले. मुलं अनाथ म्हणून बालगृहांत दाखल झाली आणि त्यांच्या नावाने परदेशी देणग्या सुरू झाल्या. काही मुलं दत्तकही गेली. सोडून दिलेली म्हणून दाखवलेल्या मुलांच्या दत्तकाची नवी प्रकरणं अमेरिकेने २०१० मध्ये थांबवली, कारण त्या कागदांवर भरवसा ठेवता येईना.

युद्ध संपलं तरी हा धंदा थांबला नाही. नकाशा पाहिला की कारण कळतं. नेपाळमधली बहुसंख्य बालगृहं काठमांडू, ललितपूर, भक्तपूर, कास्की (पोखरा याच जिल्ह्यात) आणि चितवन या जिल्ह्यांत आहेत. गरिबी कर्णालीत आणि बालगृहं मात्र पर्यटक उतरतात तिथे. तिथल्या बहुतेक मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण, हयात आहेत हे वेगवेगळ्या पाहण्यांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. कंबोडियातही हेच घडलं. तिथे पर्यटन वाढत होतं त्या २००५ ते २०१० या काळात बालगृहांची संख्या १५४ वरून २६९ वर गेली. पालक नसलेली मुलं काही त्या वेगाने वाढली नव्हती.

२५ एप्रिल २०१५ च्या भूकंपानंतर तर जगभरातून माणसं आणि पैसा काठमांडूकडे निघाला. मागोमाग मुलंही आणली जाऊ लागली. नेपाळ सरकारने पालकांशिवाय मुलांना जिल्ह्याबाहेर नेण्यावर बंदी घातली आणि नव्या बालगृहांची नोंदणी थांबवली. त्या जूनपर्यंत किमान २४५ मुलांना तस्करीतून किंवा विनाकारण बालगृहात जाण्यापासून वाचवलं, असं युनिसेफने सांगितलं. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियाने बालगृहं भरण्यासाठी होणारी मुलांची तस्करी आधुनिक गुलामगिरीतच मोडते, हे मान्य केलं. पुढच्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पर्यटनाच्या निमित्ताने बालगृहांत होणाऱ्या स्वयंसेवेतून मुलांचं होणारं नुकसान रोखा, असं सगळ्या देशांना सुचवलं.

तुमच्या तीन आठवड्यांचा या सगळ्याशी काय संबंध? संबंध आहे, कारण पाहुणे येत राहतात म्हणून मुलं हवी असतात. या साखळीत स्वयंसेवक हा गिऱ्हाईक असतो, त्याची नियत कितीही चांगली असली तरी.

मुलांच्या मनाचीही एक बाजू आहे. तुम्ही दारातून आत जाता आणि चार वर्षांची एक मुलगी धावत येऊन गळ्यात पडते. आपल्याला भरून येतं. पण आपल्या घरातलं चार वर्षांचं पोर अनोळखी माणूस दिसला की आईच्या मागे लपतं, आणि त्या वयात तेच निरोगी असतं. कुणाच्याही गळ्यात पडणं हे मुलाला कायमचं असं माणूस न मिळाल्याचं लक्षण मानलं जातं. रुमानियात बुखारेस्टमध्ये संस्थांमधल्या १३६ लहान मुलांचा वर्षानुवर्षं अभ्यास झाला. त्यातल्या काहींना सांभाळ करायला तयार असलेल्या दुसऱ्या कुटुंबांत (फॉस्टर) ठेवलं गेलं. जी लवकर, विशेषतः दोन वर्षांची होण्याआधी, कुटुंबात गेली, ती संस्थेत राहिलेल्यांपेक्षा बरीच सावरली. आता दर तीन आठवड्यांनी नवे दादा-ताई येतात, जीव लावतात आणि निघून जातात असं घर डोळ्यांसमोर आणा.

यावरून सगळीच बालगृहं वाईट, असा निष्कर्ष मात्र काढू नका. काही मुलांना खरोखरच कुणी नसतं. काहींना घरीच मार असतो, काहींच्या अपंगत्वाला पुरेशी सोय गावात नसते. नेपाळच्या २०१८ च्या बालबालिकाविषयक कायद्यात क्रम स्पष्ट आहे. आधी नातेवाईक, मग दुसरं कुटुंब आणि कुठलाच मार्ग नसेल तर संस्था. चांगली बालगृहं हा क्रम पाळतात आणि मुलं घरी परत कशी जातील यासाठी खपतात. आपल्याला शोधायची आहेत ती तीच.

पायरी २ : आपल्याकडे वेळ किती आणि हातात काय

हे कागदावर लिहून काढा. वेळ सहा महिन्यांपेक्षा कमी असेल, तर मुलांची थेट देखभाल, शिकवणी आणि खेळ घेणं हे विषय यादीतून खोडा. सहा महिन्यांहून जास्त असेल तरी बालमानसशास्त्र, विशेष शिक्षण, समाजकार्य किंवा वैद्यकीय शिक्षण नसेल तर खोडाच. "मला मुलं आवडतात" ही पात्रता नाही. मुंबईच्या शाळेत कुणी नेपाळी तरुण येऊन म्हणाला, "मला मुलं आवडतात, महिनाभर तिसरीचा वर्ग द्या," तर मुख्याध्यापक काय करतील, याचा विचार करा.

उरतं काय? पुष्कळ उरतं, आणि बालगृहांना खरी गरज त्याचीच असते. हिशेब नीट मांडणारा, वार्षिक अहवाल लिहिणारा माणूस लागतो. मुलांच्या नोंदी वह्यांतून कुलूपबंद संगणकावर आणणारा लागतो. फिजिओथेरपिस्ट किंवा स्पीच थेरपिस्टने रोज चार मुलांना व्यायाम देण्यापेक्षा तिथल्या आया-दिदींना शिकवावं. ते त्या पुढची दहा वर्षं करतील. नळ, वायरिंग, पाणी साठवण, स्वयंपाकघराची स्वच्छता ही कामं मुलं शाळेत गेली असताना करता येतात. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना बाहेरच्या जगासाठी तयार करणं हाही मोठा विषय आहे. बँक खातं, भाड्याची खोली, मुलाखत, पगारातून महिना काढणं. हे काम मात्र तिथल्या कर्मचाऱ्यासोबतच करायचं.

सुट्टी तीन आठवड्यांचीच असेल, तर घरी बसून ऑनलाइन काम करणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं. विमानाचं भाडं वाचतं, ते संस्थेला देता येतं. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं असतं, मीटिंग ठरवताना एवढं लक्षात ठेवा.

आणखी एक. मुलांच्या संस्थेत यापूर्वी कधीच काम केलं नसेल, तर आधी आपल्या गावात करा. बाल कल्याण समिती काय करते, बालगृहातल्या मुलाची फाइल कशी चालते, बाल संगोपन योजनेत मूल घरातच राहावं म्हणून कुटुंबाला मदत कशी मिळते, हे महाराष्ट्रात वर्षभर पाहिलेल्या माणसाला काठमांडूत योग्य प्रश्न विचारता येतात.

पायरी ३ : संस्था शोधणं आणि चाळणी लावणं

सगळ्यात जास्त वेळ याच पायरीला द्या. दोन महिने गेले तरी चालतील.

"काठमांडू स्वयंसेवा" असं शोधल्यावर वर येतात त्या बहुतेक पैसे घेऊन माणसं पाठवणाऱ्या कंपन्या असतात. त्यांच्या पानांवर हसऱ्या मुलांचे फोटो, खाली नाव, वय आणि दुःखद कहाणी असेल, तर तिथेच थांबा. जी संस्था मुलाची कहाणी जगाला सांगते, ती त्याचं बाकी काय सांभाळणार? त्यापेक्षा मुलांची कुटुंबं शोधून त्यांना परत जोडणाऱ्या संस्थांपासून सुरुवात करा. १९८७ पासून बालमजूर आणि रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करणारी सिविन, युद्धकाळात बेपत्ता झालेल्या मुलांची घरं शोधणारी नेक्स्ट जनरेशन नेपाल ही त्यातली नावं. त्यांना स्वयंसेवक हवेच असतील असं नाही. पण त्यांचं लिखाण वाचून खरं काम कसं दिसतं ते कळतं.

एखादी संस्था पसंत पडली की कागद मागा. आपल्याला देवनागरी वाचता येते, याचा इथे चांगला उपयोग होतो. अमेरिकेहून आलेल्या स्वयंसेवकाला नोंदणीपत्र दाखवलं तर तो मान डोलावतो, तुम्ही ते वाचू शकता. जिल्ला प्रशासन कार्यालयातली नोंदणी, समाज कल्याण परिषदेशी संलग्नता, चालू वर्षाचं नूतनीकरण आणि लेखापरीक्षणाचा अहवाल, हे चार कागद हवेत. शिवाय बालगृह चालवण्याची वेगळी परवानगी असते, तीही पाहा. कारण संस्था म्हणून नोंदणी असली की मुलं ठेवायची मुभा आपोआप मिळत नाही. तारखा विक्रम संवतात असतात. वैशाखापासून पौषाच्या मध्यापर्यंतची तारीख असेल तर ५७ वजा करा, त्यानंतरची असेल तर ५६. तिथलं आर्थिक वर्ष साउन ते असार, म्हणजे आपल्या जुलैच्या मध्यापासून. त्यामुळे मार्चअखेरचा ताळेबंद मागू नका.

मग फोनवर किंवा व्हिडिओवर बोला आणि हे विचारा :

तुमच्याकडे मूल येतं ते कुणाच्या शिफारशीने? (पालिका, पोलीस किंवा बाल अधिकाराच्या सरकारी यंत्रणेचं नाव यायला हवं. "लोक आणून देतात" हे उत्तर धोक्याचं.)
गेल्या वर्षी किती मुलं घरी परत गेली? त्यानंतर त्यांना भेटायला कोण जातं?
दसैंला मुलं कुठे असतात?
स्वयंसेवकांसाठी लेखी नियम आहेत का? ते आधी पाठवाल का?
माझ्याकडून पोलीस पडताळणी आणि आधीच्या कामाचे संदर्भ मागणार ना?
मुलांच्या सुरक्षेची जबाबदारी कुणावर आहे? त्या व्यक्तीबद्दलच तक्रार असेल तर कुणाकडे जायचं?

यातला दसैंचा प्रश्न साधा वाटतो, पण तो फार बोलका आहे. दसैं म्हणजे तिथला दसरा, पण महत्त्व आपल्या दिवाळीएवढं. सगळा देश गावाकडे निघतो, मोठ्यांच्या हातून कपाळाला टिका लावून घेतो. चांगल्या संस्थेत त्या दिवसांत पुष्कळ मुलं आईकडे, मामाकडे, आजीकडे गेलेली असतात. जी राहतात ती का राहिली, हे कर्मचाऱ्यांना एकेकाचं सांगता येतं. "आमच्या मुलांना कुणीच नाही, तुम्ही दसैंलाच या, छान कार्यक्रम असतो," असं उत्तर आलं तर पुढचे प्रश्न विचारायची गरज नाही.

आणि पोलीस पडताळणी मागितली जात नसेल तर? तुमच्याकडून मागत नाहीत म्हणजे कुणाकडूनच मागत नाहीत. त्या घरात कोण कोण येऊन गेलं असेल, याचा विचार करा.

तिथे पोचल्यावर दिसणारी लक्षणंही सांगून ठेवतो. ठमेलच्या (काठमांडूतली पर्यटकांची वस्ती) हॉटेलातून कुणालाही "चला, तासभर मुलांना भेटून येऊ" म्हणून नेलं जात असेल, पाहुणे आले की मुलांना उठवून नाच करायला लावत असतील, देणग्या भरपूर पण मुलांच्या अंगावर फाटके कपडेच असतील, पहिल्याच दिवशी तुम्हाला मुलांबरोबर एकटं सोडत असतील, किंवा तीन वर्षांखालच्या बाळांनी खोली भरलेली असेल, तर निघा.

पायरी ४ : कागदपत्रं

भारतीयांना नेपाळसाठी व्हिसा नाही. विमानाने जाताना वैध पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र लागतं. वाहन परवाना चालत नाही आणि १५ ते ६५ वयाच्या माणसाला आधार कार्डावरही विसंबता येत नाही. मी तर म्हणेन पासपोर्टच न्या, संस्थेलाही नोंद ठेवायला तो बरा. वाचणारे पुण्याचे असले तरी पासपोर्ट अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा असेल, तर गोष्ट वेगळी. पर्यटक व्हिसा वर्षाला जास्तीत जास्त १५० दिवसांचा असतो आणि त्यावर काम करता येत नाही, बिनपगारी कामसुद्धा. "सगळे तसंच करतात, विमानतळावर फिरायला आलोय म्हणा," असा सल्ला देणारी संस्था कायद्याची बाकी कलमंही तशीच वाकवत असणार.

चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र महाराष्ट्र पोलिसांच्या ऑनलाइन सेवेतून मागवता येतं. वेळ लागतो, दीड-दोन महिने हाताशी ठेवूनच अर्ज करा. आधीच्या कामाचे दोन संदर्भ, शिक्षणाचे दाखले, प्रवास विमा. संस्थेबरोबर लेखी करार करा. त्यात काम काय, किती तास, कुणाच्या हाताखाली आणि काय करायचं नाही, हे सगळं यावं.

पायरी ५ : पैसा

१०० भारतीय रुपयांना १६० नेपाळी रुपये, हा दर कित्येक वर्षं बांधलेला आहे. हिशेब सोपा.

शुल्क मागणं वाईट नाही. तुमच्या राहण्याजेवणाचा खर्च मुलांच्या ताटातून का जावा? पण त्याची फोड मागा. किती घरमालकाला, किती एजन्सीला, किती संस्थेला. फोड मिळत नसेल तर पैसे देऊ नका.

रोख देणगी संचालकाच्या हातात देऊ नका, खात्यात द्या आणि पावती घ्या. एका मुलाचं शिक्षण पुरस्कृत करण्याचा मोह होईल. त्यात एक अडचण असते : ते मूल संस्थेत आहे तोवरच पैसे येतात, मग त्याला घरी पाठवायची घाई कुणाला असणार? पैसे द्यायचेच तर कुटुंब शोधायला, मुलाला घरी पोचवायला आणि घरी गेल्यावर त्याच्या शाळेच्या फीला द्या. कर्णालीतल्या एका गावापर्यंत एका कर्मचाऱ्याला पाठवायचं म्हणजे विमान, मग चालणं, वाटेत मुक्काम. असल्या खर्चाला देणगीदार पटकन मिळत नाहीत, कारण त्याचा फोटो निघत नाही.

चॉकलेटं, जुने कपडे, खेळण्यांच्या बॅगा घरीच ठेवा. संस्थेला काय हवं ते विचारा आणि काठमांडूत किंवा शेजारच्या पाटणच्या (म्हणजेच ललितपूर शहराच्या) दुकानात घ्या.

पायरी ६ : निघण्याआधी

डॉक्टरांना भेटून धनुर्वात, टायफॉइड, कावीळ यांच्या लसी झाल्यात का ते पाहा. सर्दी-खोकला घेऊन बालगृहात पाऊल टाकू नका. मुंबईहून थेट विमान आहे. स्वस्तात जायचं तर गोरखपूरपर्यंत रेल्वे आणि सोनौलीची सीमा ओलांडून बस. मात्र जून ते सप्टेंबरमध्ये दरडी कोसळून रस्ते बंद पडतात.

राहायची सोय बालगृहात नको. पाटणमध्ये किंवा संस्थेच्या जवळपास एखाद्या घरात खोली घ्या. ते मुलांचं घर आहे. रात्री तिथे परके मोठे लोक झोपलेले नसावेत.

भाषा महिनाभर आधी सुरू करा. लिपी येते, निम्मे शब्द ओळखीचे, त्यामुळे लवकर जमते. आणि म्हणूनच आपण आळस करतो आणि सरळ हिंदी फेकतो. समोरच्याला ती कळते, टीव्हीमुळे मुलांना तर छानच कळते. पण काठमांडूत जाऊन पहिल्या वाक्यापासून हिंदी ठोकणारा भारतीय कुणाला फारसा आवडत नाही. त्यात "नेपाळ म्हणजे आपलंच की," हे वाक्य चुकूनही तोंडातून काढू नका, तुम्ही ते कितीही प्रेमाने म्हणालात तरी. २०१५ च्या अखेरीस सीमेवर झालेल्या नाकेबंदीत गॅस आणि औषधांवाचून काढलेले महिने लोकांच्या लक्षात आहेत. विषय निघाला तर ऐकून घ्या. कर्मचाऱ्यांना वयाप्रमाणे दाइ (दादा) किंवा दिदी (ताई) म्हणा आणि 'तपाईं' (आदराचं 'तुम्ही') म्हणूनच बोला. स्वयंपाकीण आणि चौकीदारालासुद्धा.

पायरी ७ : तिथे गेल्यावर

पहिला आठवडा फक्त पाहा. कामाची यादी तुम्ही करू नका, त्यांच्याकडून घ्या. आपल्याकडे असं करतात, हे वाक्य पहिल्या महिन्यात बोलायचं नाही.

तुमचं काम कार्यालयात असलं तरी मुलं दिसणार, बोलणार, हात धरणार. तेव्हासाठी काही नियम. कुठल्याही मुलाबरोबर बंद दाराआड एकटं राहायचं नाही. दुसरा मोठा माणूस दिसेल अशा जागी बसायचं. आंघोळ, कपडे, झोपवणं ही कामं दिदींची आहेत, त्यात मदत करायची नाही. मुलाने हात धरला तर झटकू नका. पण आपणहून मांडीवर घेणं, उचलणं, पापे घेणं नको. एका मुलाला एकट्याला काही देऊ नका. "तुझे आईबाबा कुठे आहेत?" हा प्रश्न कधीच विचारू नका. अशा मुलांना तो प्रत्येक नवा पाहुणा विचारतो. "मी पुन्हा येईन" असंही म्हणू नका, तिकीट काढलेलं असलं तरी.

फोटो नाहीत. चेहरा झाकूनही नाहीत, पाठमोरेही नाहीत. संस्थेच्या नावासकट सेल्फी टाकला की मूल कुठे राहतं हे सगळ्यांना कळतं, आणि काही मुलांना नेमक्या कुणापासून तरी लपवून ठेवलेलं असतं. मोठी मुलं फेसबुकवर शोधून विनंती पाठवतात. ती स्वीकारू नका, आणि असं का हे संस्थेतल्या कुणाला तरी त्यांना समजावून सांगायला सांगा. नाहीतर मुलाला वाटतं, या दादाला मी नकोय.

पायरी ८ : मुलाने काही सांगितलं, किंवा तुम्हीच काही पाहिलं

मूल मारहाणीबद्दल किंवा त्याहून वाईट काही बोलू लागलं, तर शांतपणे ऐका. उलटतपासणी करू नका; तपास करणं तुमचं काम नाही आणि पुन्हा पुन्हा विचारल्याने मुलाची साक्षही बिघडते. "कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "तू सांगितलंस ते बरं केलंस, आता हे मदत करू शकेल अशा माणसाला मला सांगावं लागेल," एवढं म्हणा. त्याच दिवशी मुलाच्याच शब्दांत, तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि बालसुरक्षेच्या जबाबदार व्यक्तीला द्या.

संशय तिच्यावरच असेल किंवा संस्थाच दाबून टाकत असेल, तर नेपाळमध्ये चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक १०९८ आहे, आपल्याकडचाच. हरवलेल्या मुलांसाठी १०४ आणि पोलिसांसाठी १००. राष्ट्रिय बाल अधिकार परिषद ही या विषयातली केंद्रीय सरकारी संस्था, तिच्याकडे लेखी तक्रार करता येते. स्वतःच्या सुरक्षेचा प्रश्न आला तर काठमांडूत लैनचौरला भारतीय दूतावास आहे.

दोन गोष्टी करू नका. संचालकाला समोरासमोर जाब विचारू नका. रातोरात मुलं दुसरीकडे हलवली जातात आणि नोंदी गायब होतात. आणि स्वतःच मुलाला बाहेर काढून नेऊ नका. हेतू काहीही असो, परक्या देशात पालकत्वाचा कागद नसताना मुलाला घेऊन निघालेला माणूस कायद्याच्या नजरेत काय ठरतो, हे सांगायला नको. यंत्रणा हळू चालतात, मनस्ताप होतो. तरीही रस्ता तोच.

पायरी ९ : निघताना आणि नंतर

निरोपाचा समारंभ, हार, केक, रडारड नको. काम जसं कार्यालयातून केलं तसंच संपवा. केलेल्या कामाची टिपणं, पासवर्ड, अर्धवट राहिलेल्या गोष्टींची यादी तुमच्या जागी काम करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातात द्या आणि त्याने एकदा ते तुमच्यासमोर करून दाखवलं की निघा.

परतल्यावर मुलांना थेट फोन किंवा पार्सल पाठवू नका, संपर्क संस्थेशी ठेवा. लोक अनुभव सांगायला बोलावतील. तेव्हा एकाही मुलाची गोष्ट न सांगता बोला, नाव बदलूनही नाही. संस्थेचा हिशेब, दिदींचे पगार, कुटुंब शोधण्याचा खर्च यावर बोलायला भरपूर आहे. ऐकणाऱ्यांपैकी कुणी "मीही जाऊ का?" असं विचारलं, तर त्याला आधी तिसऱ्या पायरीतले प्रश्न द्या.

मदत चालू ठेवायची असेल तर बालगृहातून बाहेर पडलेल्या तरुणांकडे पाहा. नेपाळमध्ये सोळा वर्षं पूर्ण झाली की नागरिकतेचं प्रमाणपत्र काढता येतं आणि त्यासाठी आईवडिलांचे कागद लागतात. ज्यांना लहानपणी खोट्या कागदांवर अनाथ ठरवलं गेलं, त्यांची इथे अडवणूक होते. नागरिकता नसली की बँक खातं, पासपोर्ट, नावावरचं सिमकार्ड, सरकारी नोकरी सगळंच अडतं. गावी जाऊन वडील शोधायचे, वडा (वॉर्ड) कार्यालयातून शिफारस आणायची, कधी न्यायालयात उभं राहायचं. हे काम तिथले वकील आणि सामाजिक कार्यकर्ते करतात. त्यांच्या प्रवासाला, टायपिंगला आणि कोर्टाच्या फीला पैसे लागतात.